घरची भाषा आणि शाळेचे माध्यम : सोलापुरात क्षेत्र-अभ्यास कसा करावा

सोलापूरच्या शाळांमधल्या जनरल रजिस्टरात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेश-नोंदवहीत, ‘मातृभाषा’ असा एक रकाना असतो. शिक्षणावर प्रबंध लिहिणारे कित्येक जण तो मोजतात, टक्केवारी काढतात आणि त्यावर प्रकरण उभे करतात. हा रकाना प्रवेशाच्या गर्दीत भरला जातो. पुष्कळदा पालकांना न विचारताच, आणि पुष्कळदा शाळेचे माध्यम तीच मातृभाषा धरून. आजी तेलुगूत बोलते, आई तेलुगू-मराठी मिसळून बोलते, गल्लीत दख्खनी (इथली उर्दू बोली) ऐकू येते, शाळा मराठी आहे आणि धाकटा भाऊ इंग्रजी माध्यमात आहे. अशा मुलाची भाषा एका शब्दात मावत नाही. या शहरात भाषा आणि शिक्षण यांचा अभ्यास करायचा तर मूल कोणाशी, कधी, कोणत्या भाषेत बोलते हे मोजावे लागते. ते कसे मोजायचे, हे एम.ए., एम.एड., पीएच.डी.चे विद्यार्थी आणि कृतिसंशोधन करणारे शिक्षक यांच्यासाठी इथे सविस्तर दिले आहे.

प्रश्न लहान करा

‘सोलापुरातील भाषिक अल्पसंख्याकांच्या शैक्षणिक समस्या’ हा विषय आहे, प्रश्न नव्हे. प्रश्नात तीन गोष्टी ठरलेल्या हव्यात : कोणती मुले, कोणत्या वस्तीतली, आणि नेमके काय मोजायचे. ‘अशोक चौक परिसरातल्या, घरी तेलुगू ऐकणाऱ्या, मराठी माध्यमातल्या पाचवी ते सातवीच्या मुलांच्या घरगुती बोलण्यात तेलुगूचा वाटा किती उरला आहे, आणि वर्गात प्रश्न विचारताना ती कोणती भाषा वापरतात?’ एवढा प्रश्न एका माणसाला एका वर्षात पेलतो. त्याला अक्कलकोट तालुक्यातली कन्नड माध्यमाची शाळा जोडली की तुलना छान दिसेल असे वाटते, पण तिथे शाळेचे माध्यम, गाव, पालकांचा व्यवसाय आणि घरची भाषा हे सगळेच एकदम बदलते. मग फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. तुलना करायचीच असेल तर एकच गोष्ट बदलू द्या : वस्ती तीच, घरची भाषा तीच, शाळेचे माध्यम वेगळे. सोलापूर महानगरपालिकेने मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्याही शाळा चालवल्या आहेत. त्यामुळे अशी जोडी इथे सापडू शकते. महाराष्ट्रातल्या फार थोड्या शहरांत ही सोय आहे.

पार्श्वभूमीचे प्रकरण आवरते घ्या. सिद्धरामेश्वर, १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे हा इतिहास सोलापूरकरांच्या काळजाजवळचा आहे. तरी तुमच्या प्रश्नाशी त्याचे नाते नसेल तर तो प्रबंधात नको. गिरण्यांचा इतिहास मात्र हवा. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून कापडधंद्याने माणसे इथे आणली आणि पेठांची भाषिक वस्ती घडवली. १८८४ चे जुने गॅझेटियर (मुंबई इलाख्याचा विसावा खंड) यासाठी जरूर पाहा. त्यात आणि जुन्या सरकारी कागदांत शहराचे नाव ‘शोलापूर’ असे येते, म्हणून शोध दोन्ही नावांनी घ्यावा.

आधी कागद, मग वस्ती

यूडायस ही देशभरातल्या शाळांची सरकारी माहिती-नोंद. तिच्यातला शाळेचा क्रमांक ११ अंकी असतो आणि सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांचा २७३० ने सुरू होतो. शाळेचे माध्यम, इयत्तानिहाय पट आणि शिक्षकसंख्या तिथून मिळते. यादी काढली की प्रत्येक शाळेत जाऊन माध्यम पडताळा. कागदावर एक माध्यम आणि वर्गात सेमी-इंग्रजी, असे सर्रास असते.

जनगणनेतली मातृभाषा वेगळ्या व्याख्येची आहे : त्या व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी ज्या भाषेत बोलली ती भाषा. घरी आज काय बोलतात, हे ती सांगत नाही. शिवाय बोली मोठ्या भाषांखाली गटवल्या जातात. लमाणी ही बंजारा समाजाची बोली हिंदीखाली मोजली जाते. त्यामुळे मुळेगाव तांड्यासारख्या वस्तीचा अभ्यास करणाऱ्याने तक्त्यातला ‘हिंदी’ आकडा पाहून तिथे हिंदी बोलतात असे लिहिले, तर तो पायाच चुकला. कैकाडी आणि वडार घरांतल्या बोलींबाबतही हीच सावधगिरी हवी. त्या आपापल्या नावांनीच नोंदवा. अर्थ आकड्यांना तुम्ही नंतर द्यालच.

‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीचे वाचन-चाचणीचे तक्ते (अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट) चांगले आहेत आणि वापरायला सोपे आहेत. पण ती पाहणी ग्रामीण भागातली असते. तिचे जिल्ह्याचे आकडे घेऊन सोलापूर शहरातल्या मुलांशी तुलना करू नये.

जनरल रजिस्टर पाहायला मिळाले तर मातृभाषेच्या रकान्याची परीक्षा घेण्याची एक साधी रीत आहे. एकाच घरातली भावंडे वेगवेगळ्या शाळांत असतील तर दोन्हीकडची नोंद ताडून पाहा. अशा वीस-पंचवीस जोड्या पुरतात. नोंदी जुळत नसतील तर तो रकाना निष्कर्षासाठी वापरू नका. मात्र ‘नोंद कशी होते’ या प्रकरणाला तो उत्तम पुरावा आहे. शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना असाच जपून वाचावा. ‘पालकांचे स्थलांतर’ या दोन शब्दांत गाव सोडणे येते, शाळा बदलणे येते आणि कामाला लागणेही येते. आडनावावरून भाषा ठरवणे तर पूर्ण वर्ज्य.

मुख्याध्यापक रजिस्टर दाखवायला कचरतात, त्याला कारण आहे. जातीच्या दाखल्यासाठी हीच नोंद पुरावा म्हणून लागते आणि तिच्यात खाडाखोड झाली तर शाळा अडचणीत येते. म्हणून फोटो मागूच नका. शाळेत बसून, पेन्सिलीने, नावे वगळून, हवे तेवढेच रकाने उतरवून घ्यायची परवानगी मागा. ती बहुधा मिळते.

परवानगी आणि हंगाम

महापालिकेच्या शाळांसाठी प्राथमिक शिक्षण मंडळाच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे, जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे, आणि खासगी शाळांसाठी संस्थेचे सचिव व मुख्याध्यापक या दोघांकडे अर्ज करावा. अर्ज एका पानाचा ठेवा. त्यात मार्गदर्शकांची सही, विभागाचे पत्र, प्रश्नावलीची प्रत, शाळेचा किती वेळ लागेल, आणि मुलांची नावे कुठेही येणार नाहीत याची लेखी हमी असावी. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. विद्यापीठात किंवा महाविद्यालयात नैतिकता समिती असेल तर तिची मंजुरी याच्या आधी हवी, मागाहून घेतलेली चालत नाही. या सगळ्याला दीड-दोन महिने धरा.

शाळेत जाण्यासाठी जुलै ते सप्टेंबर आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर डिसेंबरअखेरपर्यंतचा काळ चांगला. जूनमध्ये शिक्षक प्रवेशात गुंतलेले असतात. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा शहराचे सगळे लक्ष तिकडे असते आणि हजेरी घटते. फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या परीक्षांचा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो. त्या आठवड्यात पद्मशाली (तेलुगू भाषक विणकर समाज) घरांत मुलाखती ठरवू नका, पण जमेल तर रथोत्सव पाहायला जा, कारण मिरवणुकीतल्या घोषणा, फलक आणि माइकवरून होणारे बोलणे कोणत्या भाषेत आहे हीच तुमच्या विषयाची सामग्री आहे. रमजानमध्ये उर्दू माध्यमाच्या शाळांच्या वेळा बदलतात, त्या आधी विचारून घ्या.

घरे किती आणि कोणती

संपूर्ण वस्तीबद्दल टक्केवारीत विधान करायचे असेल तर ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरून ३८४ हा आकडा पुस्तकात सापडतो. तो पूर्ण यादृच्छिक निवडीसाठी आहे. तुम्ही वस्त्या निवडून त्यांतली घरे घेणार, आणि एका गल्लीतली घरे एकमेकांसारखी असतात. म्हणून किमान दीडपट करा : ५७६. दहा टक्के घरे नकार देतील किंवा बंद सापडतील असे धरले तर यादी ६४० घरांची लागते. एकट्या विद्यार्थ्याला हे झेपणारे नाही, आणि नसेल झेपत तर हा आकडा छापायच्या फंदात पडू नये. तीन शाळांतली साठ मुले आणि त्यांपैकी बारा-पंधरा घरांत सखोल मुलाखती हा पदव्युत्तर पातळीवरचा प्रामाणिक आवाका आहे. तिथे ‘सोलापुरातील’ न म्हणता ‘या तीन शाळांतील’ असे लिहायचे.

घरे निवडताना गल्लीची यादी स्वतः बनवा. ४२० घरे असतील आणि ३० हवी असतील तर ४२० ला ३० ने भागून १४ येतात. १ ते १४ मधला एक अंक चिठ्ठीने काढा आणि तिथून दर चौदावे घर घ्या. इथे अडचण येते ती ‘घर’ कशाला म्हणायचे याची. एका वाड्यात चार भाऊ, खाली माग, वर खोल्या. जनगणनेची कसोटी वापरा : ज्यांचा स्वयंपाक एकत्र ते एक कुटुंब. घर बंद असले की लगेच शेजारचे घेऊ नका. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला असतो आणि आई कामावर असते. तीन वेगवेगळ्या वेळी जा, त्यांतली एक वेळ सुट्टीच्या दिवसाची ठेवा. बंद घरे सोडून दिली की नमुन्यातून नेमकी कष्टकरी घरेच गळतात आणि भाषेचे चित्र बदलते.

चिंचोक्यांचा तक्ता

‘घरी कोणती भाषा बोलता?’ या प्रश्नाला मुले शाळेला आवडेल ते उत्तर देतात. त्याऐवजी मुलाला दहा चिंचोके द्या आणि समोर भाषांचे रंगीत पुठ्ठे ठेवा. पुठ्ठ्यावर अक्षरे नकोत, कारण तेलुगू बोलणाऱ्या मुलाला तेलुगू लिपी येईलच असे नाही. प्रत्येक रंग कोणत्या भाषेचा ते त्या भाषेतले एखादे रोजचे वाक्य बोलून सांगा. मग विचारा, ‘आजी तुझ्याशी बोलते तेव्हा कोणत्या भाषेत किती? मांड.’ त्यानंतर, ‘आणि तू आजीला उत्तर देतोस तेव्हा?’

आजी-आजोबा, आई, वडील, भावंडे, गल्लीतले मित्र, कोपऱ्यावरचा दुकानदार, मधल्या सुट्टीतले वर्गमित्र आणि शिक्षक, अशा आठ जणांसाठी हे दोन्ही दिशांनी करायचे. सोळा मांडण्या होतात, पाचवी-सहावीच्या मुलाला वीसेक मिनिटे लागतात. तिसरीच्या खालच्या मुलांना दहा भागांत विचार करणे जड जाते, त्यांच्यासाठी ही रीत वापरू नका.

दोन्ही दिशा वेगळ्या का, तर सगळा मुद्दाच तिथे आहे. आजी बोलते तेव्हा तेलुगूवर ९ चिंचोके आणि मूल उत्तर देते तेव्हा ४, तर अंतर ५. ज्या घरांत हे अंतर मोठे आहे तिथे भाषा कळते पण जिभेवरून सुटत चालली आहे. नुसती सरासरी काढली की हे दिसत नाही. आजी हयात नसेल तर तिथे शून्य भरू नका, चौकट रिकामी ठेवा. एक्सेलमध्ये शून्य भरले तर ते सरासरीत शिरते. ‘लागू नाही’साठी ९ किंवा ९९ लिहिण्याची सवयही याच कारणाने घातक आहे.

पुढे खरी मांडणी सुरू करण्याआधी दहा मुलांवर चाचणी घ्या. ही दहा मुले अंतिम नमुन्यात धरू नयेत. दोन मुलांनी सगळे चिंचोके पहिल्याच पुठ्ठ्यावर ओतले तर सूचना कळलेली नाही असे समजावे. आठवडाभराने त्या दहांपैकी पाच जणांकडून पुन्हा मांडून घ्या. एकाच प्रश्नाला २ चिंचोक्यांपेक्षा जास्त फरक वारंवार पडत असेल तर प्रश्न सोपा करा.

घरात बसल्यावर

विडी वळणाऱ्या बाईचा मोबदला हजार विड्यांमागे ठरतो. तिचा अर्धा तास म्हणजे तिची मजुरी. सकाळी तयार विड्या कारखान्याच्या शाखेत द्यायच्या आणि पान-तंबाखू आणायची घाई असते, त्या वेळी जाऊच नये. दुपारी वळणे सुरू असताना हात थांबवायला न लावता बोलता येते, फक्त फॉर्म तुम्ही भरा. तिला कागद धरायला लावू नका. मागाच्या घरांत कामगारांची सुट्टी कोणत्या वारी असते ते आधी विचारा. माग चालू असताना घेतलेले रेकॉर्डिंग ऐकता येत नाही, आवाज साफ करणारे कोणतेही सॉफ्टवेअर ते दुरुस्त करत नाही. कॉलरला लावायचा माइक वापरा, टीव्ही बंद करायची विनंती करा आणि पहिल्या मिनिटानंतर थांबून रेकॉर्डिंग ऐकून पाहा.

तेलुगू घरात ‘अक्का’, ‘अम्मा’, कन्नड घरात ‘अव्वा’, मराठी घरात ‘मावशी’, ‘काकू’ अशी हाक सहज चालते. नमस्कार त्यांच्या भाषेत केला तर घर मोकळे होते, पण तुमची तेलुगू तेवढ्यापुरतीच असेल तर पुढचे सगळे त्या भाषेत विचारायचा हट्ट नको. दुभाष्या घ्या. तो त्याच गल्लीतला नसावा. ओळखीच्या माणसापुढे बाई कर्ज, दारू, मुलीची सुटलेली शाळा याविषयी बोलत नाही. शेजारच्या पेठेतली, पदवीचे शिक्षण घेणारी मुलगी बहुधा उत्तम ठरते, आणि तिला मानधन द्यावे. प्रश्नावली एकाने तेलुगूत नेली की दुसऱ्याने, मूळ न पाहता, ती मराठीत परत आणावी. जिथे दोन मराठी पाठ वेगळे पडतात ते प्रश्न पुन्हा लिहावेत.

सासू, नवरा, शेजारीण आजूबाजूला असणारच. त्यांना हाकलू नका. कोण हजर होते ते प्रत्येक मुलाखतीच्या वर नोंदवा. सून सासूसमोर ‘आम्ही घरात तेलुगूच बोलतो’ म्हणाली, हीदेखील माहितीच आहे.

सेटलमेंट परिसरात काम करणाऱ्यांनी विशेष जपून जावे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली काटेरी तारांच्या आड ठेवलेल्या लोकांची ही वस्ती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ते विमुक्त झाले. बाहेरचा माणूस वही घेऊन नावे विचारतो तेव्हा तिथल्या ज्येष्ठांना काय आठवत असेल याचा विचार करा. पहिल्या दोन-तीन भेटींत वही पिशवीतच ठेवावी आणि तिथल्या शिक्षक-कार्यकर्त्यांसोबत जावे. लेखनात जमातीचे नाव आणि गल्लीचे नाव एकत्र देऊ नका.

मुलांची संमती

मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे पालकांची संमती नव्हे, आणि पालकांची संमती म्हणजे मुलाची तयारी नव्हे. तिन्ही हव्यात. वाचता न येणाऱ्या पालकांना मजकूर त्यांच्या भाषेत वाचून दाखवा आणि तोंडी होकार रेकॉर्ड करा. मुलाला सांगा की मधेच उठून गेलास तरी कोणी रागावणार नाही. आणि खरेच उठले तर जाऊ द्या.

‘तू सांगितलेले मी कुणालाच सांगणार नाही’ असे बिनशर्त वचन कधीही देऊ नये. पोक्सो (बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास कळवणे बंधनकारक आहे. ‘तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले तरच मी मदतीसाठी एका मोठ्या माणसाला सांगेन’ असे आधीच स्पष्ट करा. मूल विड्या वळताना दिसले तर काय करायचे, हेही घरी जाण्याआधी मार्गदर्शकांशी बोलून लिहून ठेवा. त्या क्षणी घेतलेला निर्णय बहुधा घराच्याही हिताचा नसतो.

शब्दांकन

४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह फाइल ठेवा. तासाला साधारण ३०० एमबी लागतात. त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी प्रत करा आणि फाइलला नाव न देता क्रमांक द्या. एका तासाच्या मिश्रभाषिक रेकॉर्डिंगच्या शब्दांकनाला सहा ते आठ तास लागतात. तासाभराच्या पंधरा मुलाखती म्हणजे नव्वद ते एकशेवीस तास. वेळापत्रक करताना नेमके हेच विसरले जाते.

बोललेले शुद्ध मराठीत ‘सुधारून’ लिहिले की अभ्यासाची सामग्रीच नष्ट होते. वाक्य जसे आले तसे उतरवा, भाषा बदलते तिथे तिरकी रेघ द्या, आणि खाली वेगळ्या ओळीत मराठी अर्थ लिहा. तेलुगू आणि कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे असतात, नेहमीच्या मराठी लेखनात तो भेद नाही. त्यासाठी देवनागरीतली ऎ, ऒ आणि त्यांची चिन्हे वापरा. ती युनिकोडमध्ये आहेत. कोणते चिन्ह कशासाठी, याचा अर्ध्या पानाचा तक्ता परिशिष्टात द्या.

वर्गात

पस्तीस मिनिटांच्या तासात दर दोन मिनिटांनी एक नोंद करा : कोण बोलत आहे, कोणत्या भाषेत, कशासाठी (शिकवणे, सूचना, रागावणे, समजूत काढणे, आपसांत). सतराएक नोंदी होतात. पहिले दोन तास मोजणीत धरू नका, कारण पाहुणा बसला की शिक्षक ठरवून प्रमाण भाषा बोलतात. सुरुवातीचे तीन-चार तास दोघांनी स्वतंत्र नोंदवावेत आणि एकमत तपासावे. ८५ टक्के जुळले म्हणून खूश होऊ नका. त्यातले ६० टक्के योगायोगानेच जुळणार असतील तर कप्पा (योगायोग वजा करून उरलेल्या एकमताचे माप) = (०.८५ − ०.६०) भागिले (१ − ०.६०), म्हणजे फक्त ०.६२ च्या आसपास येतो. ०.७० च्या खाली असेल तर नोंदीचे नियम पुन्हा बसून ठरवा. बहुतेक वेळा वाद ‘मिश्र’ या वर्गावरून असतो.

आकडे मांडताना

साठ मुलांत एक मूल म्हणजे १.६७ टक्के. तिथे ‘३८.३३ टक्के’ लिहू नये, ‘६० पैकी २३’ लिहावे. पाचपेक्षा कमी मुले असलेली चौकट छापू नका, गल्लीतले लोक मूल ओळखतात.

सगळ्यांत मोठी चूक होते ती इथे : तेलुगू घरांतली मुले वाचनात मागे दिसली की दोष भाषेवर टाकला जातो. आईचे शिक्षण, हजेरी, घरातली खोल्यांची संख्या, आधीची बालवाडी या गोष्टी त्याच घरांत वेगळ्या असतील तर? म्हणून हजेरी मुलाला न विचारता हजेरीपत्रकातून घ्या आणि तक्ता आईच्या शिक्षणानुसार फोडून पाहा : आई सातवीपर्यंत शिकलेली मराठी आणि तेलुगू घरे समोरासमोर, दहावीपर्यंत शिकलेली समोरासमोर. फरक तिथेही उरला तरच भाषेचे नाव घ्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवण्याची तरतूद आहे. तुमचा निष्कर्ष तिच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणी तरी वापरणारच, म्हणून एवढी काळजी.

प्रबंध देताना साधर्म्य तपासणीची (इतरांच्या मजकुराशी किती जुळते ते पाहण्याची) मर्यादा यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्के आहे. मराठी मजकुरात सॉफ्टवेअर कमी पकडते, त्यावर विसंबून उतारे उचलू नका.

शेवटी शाळेला चार पानांचा मराठी सारांश द्या. त्यात मुलांची नावे नकोत, शिक्षकांची तुलना नको, आणि शिक्षकांना उद्या वर्गात करता येईल असे निदान दोन उपाय हवेत. वस्तीत मात्र कागद वाटून उपयोग नाही. संध्याकाळी, शाखेतून आणि पाळीवरून माणसे परतल्यावर, मंदिराच्या किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर अर्धा तास बोला, मराठीत आणि दुभाष्याच्या मदतीने तेलुगूत. चिंचोके बरोबर न्या आणि आलेल्या आजीबाईंना मुलांची सरासरी मांडणी दाखवून विचारा, ‘हे बरोबर वाटते का?’ त्या जे सांगतील ते प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात स्वतंत्र भाग म्हणून घाला, तुमच्या आकड्यांशी जुळत नसले तरीही.